मुंबई ते लंडन : अंतर किती आणि वेळ किती?

'किती लांब?' आणि 'किती वेळ?' हे दोन प्रश्न आपल्या बोलण्यांत इतके मिसळून गेले आहेत कीं, एकाचें उत्तर दिलें म्हणजे दुसऱ्याचेंहि दिलें असें आपण धरून चालतों. सोलापुराहून पंढरपूर किती लांब म्हणून विचारावें, तर उत्तर येतें 'दीड-दोन तास'. पूर्वीं बैलगाडीच्या काळीं 'एक मजल' असें म्हणत. त्यांतहि अंतर आणि काळ यांचा मेळच घातलेला असे. जमिनीवरच्या लहान प्रवासांत या मिसळण्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु हजारों किलोमीटर दूर असलेल्या दोन विमानतळांसंबंधीं बोलतांना अंतर, हवेंतील काळ, घड्याळांतील फरक आणि दारापासून दारापर्यंतचा प्रवास या चार गोष्टी निरनिराळ्या मोजाव्या लागतात.

हा केवळ गणिताचा शौक नव्हे. आज सोलापुरांतील पुष्कळ घरांतील मुलें-मुली इंग्लंड, अमेरिका किंवा आखाती देश येथें शिक्षणास वा नोकरीस आहेत. घरांतील वडील माणसास अकस्मात् रुग्णालयांत न्यावें लागतें, तेव्हां पहिला विचार उपचारांचा असतो आणि दुसरा, 'लेक केव्हां पोहोंचेल?' हा. कोणी तरी मोबाइलवर पाहून सांगतो, 'लंडनहून नऊ तास.' मग सारें घर ते नऊ तास मोजूं लागतें. शस्त्रक्रिया उद्यांवर ढकलावी काय, आणि दुर्दैवानें तशीच वेळ आली तर अंत्यविधीसाठीं थांबावें काय, हें त्या एका आंकड्यावर ठरतें. नऊ तास हा आंकडा खोटा नाहीं. परंतु जो प्रश्न विचारला गेला त्याचें तें उत्तर नव्हे. तें उत्तर कसें काढावयाचें हें या लेखांत पाहूं. उदाहरणासाठीं मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांची जोडी घेऊं.

प्रथम अंतर. विद्यार्थिमित्रहो, वर्गांतील भिंतीवरचा जगाचा नकाशा पुष्कळदां दिशाभूल करतो. त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को यांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. हीच जवळची वाट, असें कोणासहि वाटेल. आतां पृथ्वीचा गोल घ्या. मुंबईवर दोऱ्याचें एक टोंक दाबून धरा, दुसरें न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. दोरा अरबस्तानाकडे जातच नाहीं. तो उत्तरेकडे चढतो; मध्य आशिया, रशिया, नॉर्वे यांवरून आइसलंडास जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोंकाजवळून निसटतो आणि मग कॅनडांतून खालीं उतरतो. नकाशावरच्या सरळ रेघेनें गेल्यास तें अंतर सुमारें १४,२०० किलोमीटर भरतें. ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेनें सुमारें १२,५३०. जवळजवळ १,६७० किलोमीटरांचा, म्हणजे आजच्या विमानाच्या दोन तासांचा, हा फरक केवळ कागद सपाट आणि पृथ्वी वाटोळी असल्यामुळें पडला.

आपल्या परिचयाचा तो नकाशा ज्या पद्धतीवर रचलेला असतो, ती जेरार्डस मर्केटर यानें १५६९ सालीं योजिली. त्यानें ती दर्यावर्दी लोकांसाठीं केली होती. होकायंत्राचा कांटा एकाच दिशेस ठेवून जहाज हांकलें तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेघ होते, आणि खलाशाला तेवढें पुरे होतें. अंतर बरोबर दाखविणें हा त्या नकाशाचा उद्देशच नव्हता. म्हणून मर्केटरला दोष देण्यांत अर्थ नाहीं. दोष आपला, जे आपण त्यावर पट्टी ठेवतों.

ताणलेला दोरा ज्या रेषेवर बसतो तिला बृहद्‌वृत्ताचा भाग म्हणतात. कलिंगड बरोबर मध्यबिंदूंतून कापलें असतां सालीवर जें वर्तुळ उमटतें तें बृहद्‌वृत्त. मध्य सोडून कापलें तर वर्तुळ लहान येतें. विषुववृत्त आणि सर्व रेखावृत्तें हीं बृहद्‌वृत्तें होत. परंतु विषुववृत्ताखेरीज इतर अक्षवृत्तें तशीं नाहींत. म्हणूनच एकाच अक्षांशावरील दोन दूरच्या गांवांमधील जवळची वाट त्या अक्षवृत्तावरून जात नाहीं. ती आपल्या गोलार्धांत उत्तरेकडे फुगते.

आतां गणित करूं. त्यासाठीं दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश यांपलीकडे कांहीं लागत नाहीं. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांश व ७२.८७ अंश पूर्व रेखांश यांवर आहे. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर व ०.४५ पश्चिम यांवर. एक पूर्व व दुसरा पश्चिम असल्यामुळें रेखांशांची बेरीज घ्यावी, ती ७३.३२ अंश येते. नियम असा कीं, दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा (साइनांचा) गुणाकार करावा. नंतर दोन्ही अक्षांशांच्या कोटिज्या (कोसाइन) आणि रेखांशांतील फरकाची कोटिज्या या तिहींचा गुणाकार करावा. आणि दोहोंची बेरीज घ्यावी. ती बेरीज म्हणजे पृथ्वीच्या मध्यबिंदूशीं त्या दोन ठिकाणांमध्यें होणाऱ्या कोनाची कोटिज्या होय.

पहिला गुणाकार ०.३२७१ गुणिले ०.७८२३, म्हणजे ०.२५५८. दुसरा ०.९४५० गुणिले ०.६२२९ गुणिले ०.२८७०, म्हणजे ०.१६९०. बेरीज ०.४२४८. कोष्टकांत पाहिलें असतां ही ६४.८६ अंशांची कोटिज्या आहे असें दिसतें.

या कोनाचें अंतर करणें तर अगदींच सोपें आहे. वैमानिक व खलाशी ज्याला सागरी मैल म्हणतात, तो मूळचा बृहद्‌वृत्तावरील एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, धरलेला आहे. तेव्हां अंशांना साठांनीं गुणलें कीं सागरी मैल झाले. ६४.८६ गुणिले ६० म्हणजे ३,८९२ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा; म्हणून मुंबई-लंडन अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर. कोणी चिकित्सक विद्यार्थी म्हणेल कीं, पृथ्वी पूर्ण गोल नाहीं, ध्रुवांकडे चपटी आहे. खरें आहे. विषुववृत्ताकडील त्रिज्या ६,३७८ किलोमीटर व ध्रुवाकडील ६,३५७ किलोमीटर, असा एकवीस किलोमीटरांचा फरक आहे. परंतु त्यामुळें आपल्या उत्तरांत फार तर शेंकडा अर्ध्याएवढी चूक येईल. आपल्या कामास तेवढी चालेल.

ही वाट गोलावर पाहिली तर मुंबईहून निघून ती प्रथम कराचीच्या जवळून जाते. भारतीय विमानव्यवसायाचा आरंभहि याच पट्ट्यांत झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं एका लहानशा पस् मॉथ विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें. जुहूस उतरल्यावर तेंच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासेकडे नेलें. ताशीं शंभर मैलांच्या आसपास वेग, वैमानिक एकटा, आणि खालीं दिसेल त्या खुणांवरून वाट ओळखावयाची. पुढें सोळा वर्षांनीं, ८ जून १९४८ रोजीं, एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून लंडनला निघालें. त्याच्या पोटांत एका दमांत लंडन गांठण्याइतकें इंधन मावत नसे. म्हणून तें कैरो आणि जिनीव्हा येथें उतरत गेलें. या तीन टप्प्यांचीं अंतरें वरील रीतीनेंच काढलीं तर अनुक्रमें सुमारें ४,३४०, २,८२५ व ७५५ किलोमीटर येतात, बेरीज ७,९२०. म्हणजे वाटेंत थांबावें लागल्यामुळें सातशें किलोमीटरांचा वळसा पडला. वेग ताशीं ५०० किलोमीटर धरला तर हवेंतच सोळा तास. थांबण्याचा वेळ निराळा. तरीहि बोटीनें कित्येक आठवडे लागत, त्या लोकांस हा चमत्कारच वाटला असला पाहिजे.

आतां काळाकडे वळूं. आजचें मोठें जेट विमान उंचावर ताशीं सुमारें ९०० किलोमीटर वेगानें जातें. ७,२०० भागिले ९००, उत्तर आठ तास. परंतु वेळापत्रक पाहिलें तर लंडनहून मुंबईस येण्यास सुमारें नऊ आणि मुंबईहून लंडनला जाण्यास साडेनऊ ते दहा तास दिलेले असतात. गणित तर चुकलें नाहीं. मग हा तासाचा किंवा दोन तासांचा फरक कोठून आला?

त्याचा कांहीं भाग जमिनीवरच खर्च होतो. वेळापत्रकांतील काळ विमान आपल्या जागेवरून हललें तेव्हांपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धांवपट्टीपर्यंत हळूहळू जाणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें, चढणें, उतरणें, गर्दी असल्यास आकाशांत घिरट्या घालणें, यांपैकीं कशांतहि ताशीं ९०० हा वेग नसतो. लांबच्या प्रवासांत हा वेळ पोटांत मावून जातो. जवळच्या प्रवासांत तो डोळ्यांत भरतो. आपल्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्यें गोव्यास विमान सुरू झालें. मोपा येथील विमानतळ येथून सरळ रेषेनें सुमारें ३०५ किलोमीटर. त्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशीं ५०० धरला तर सदतीस मिनिटें पुरावींत. पण प्रवास तासाभराचा धरावा लागतो. निम्मा वेळ निघण्यांत आणि उतरण्यांतच जातो म्हणाना. (उतरण्याची वाट मोकळी असणें हेंहि किती अवघड असतें हें सोलापूरकरांस निराळें सांगावयास नको. त्या वाटेंत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजीं पाडली गेली, आणि त्यापूर्वीं कित्येक वर्षें वाद चालला होता.)

दुसरें कारण वारा. पंढरपुरास चंद्रभागेंत नाव पाण्याच्या ओघाबरोबर सोडली तर ती झपाट्यानें जाते. उलट दिशेनें वल्हवूं लागलें कीं नावाड्याचे दंड भरून येतात. आकाशांतहि असा एक ओघ आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमक्या ज्या पातळींत हीं विमानें उडतात त्या पातळींत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून पुष्कळ अधिक, प्रसंगीं दोनशेंच्याहि वर जातो; आणि हिंवाळ्यांत तो विशेष बलवान असतो. लंडनहून मुंबईकडे येणाऱ्या विमानास तो पाठीवर मिळतो, जाणाऱ्यास तोंडावर घ्यावा लागतो. येण्यास कमी व जाण्यास अधिक वेळ लागतो तो यामुळें. पृथ्वी फिरते म्हणून असें होतें, असें कांहीं विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत लिहितात. तें बरोबर नाहीं. पृथ्वीबरोबर तिचें वातावरणहि फिरत असतें आणि विमान त्या वातावरणांतच असतें. पृथ्वीच्या फिरण्यानें वाऱ्याला वळण लागतें हें खरें, पण विमानाच्या खालून लंडन सरकत जातें ही कल्पना सोडून द्यावी.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. वारा जातांना जितका अडवतो तितकाच येतांना ढकलतो, तेव्हां जाऊन-येऊन हिशोब सारखाच होईल, असें सहज वाटतें. करून पाहूं. वारा नसतां जाण्यास आठ व येण्यास आठ, मिळून सोळा तास. आतां ताशीं शंभर किलोमीटरांचा वारा घ्या. जातांना वेग ८००, म्हणून नऊ तास. येतांना १,०००, म्हणून सात तास बारा मिनिटें. एकूण सोळा तास बारा मिनिटें. बारा मिनिटें तोटाच झाला! कारण उघड आहे. अडवणारा वारा विमानास नऊ तास भेटला आणि मदत करणारा सव्वासात तासच. नावेच्या उदाहरणांत हाच नियम लागू पडतो, आणि परीक्षेंत त्यावर पुष्कळांचे गुण जातात.

तिसरें कारण माणसांनीं निर्माण केलेलें. आकाश कोणाच्या मालकीचें नाहीं असें कवि म्हणतील, परंतु प्रत्येक राष्ट्राच्या भूमीवरचें आकाश त्याच राष्ट्राच्या सत्तेखालीं असतें, आणि तें बंद करण्याचा अधिकारहि त्यास असतो. २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्ताननें आपलें आकाश मिटलें. पुन्हा २४ एप्रिल २०२५ रोजीं भारतीय विमानांस तें बंद केलें. आपली दोऱ्याची वाट कराचीजवळून जाते हें वर पाहिलेंच आहे. ती बंद झाली म्हणजे मुंबईच्या विमानास अरबी समुद्रावरून ओमानकडे वळून जावें लागतें. दिल्लीच्या विमानांस तर याहून मोठा वळसा पडतो, कारण त्यांची पश्चिमेकडील वाट सरळ त्या देशावरूनच जाते. २०२२ सालीं रशिया-युक्रेन युद्धामुळें पाश्चात्त्य राष्ट्रांच्या विमानांस रशियाचें आकाश बंद झालें, तेव्हां युरोप आणि पूर्व आशिया यांमधील प्रवास कित्येक तासांनीं लांबला. शहरें होतीं तेथेंच राहिलीं. त्यांमधील काळ मात्र वाढला.

आतां घड्याळाचा घोळ. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासांत पंधरा अंश आणि एका अंशास चार मिनिटें. भारताचें घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून लावलेलें आहे; म्हणून तें ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें. (सोलापूर ७५.९ अंशांवर आहे. म्हणजे आपल्या घड्याळांत बारा वाजतात तेव्हां येथल्या सूर्याप्रमाणें बारा वाजण्यास सरासरीनें अजून सव्वीस मिनिटें असतात.) इंग्लंडांत मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत घड्याळें एक तास पुढें करतात, तेवढे महिने फरक साडेचार तासांचा राहतो.

समजा, जानेवारींत एक विमान लंडनहून रात्रीं ९ वाजतां निघून मुंबईस दुसऱ्या दिवशीं सकाळीं ११॥ वाजतां पोहोंचलें. तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी केली तर साडेचौदा तास दिसतात. त्यांतून साडेपांच वजा केले कीं खरे नऊ तास हातीं येतात. उलट दिशेनें, मुंबईहून दुपारीं १ वाजतां निघालेलें विमान दहा तास उडून लंडनच्या घड्याळाप्रमाणें सायंकाळीं ५॥ ला उतरतें. वजाबाकी फक्त साडेचार तास. एकच वाट, पण तिकिटावर एकीकडे साडेचौदा आणि दुसरीकडे साडेचार! निघण्याच्या व पोहोंचण्याच्या वेळा छापतांना त्या त्या गांवचें घड्याळ धरतात, हें ज्यास ठाऊक नाहीं तो येथें हमखास फसतो.

याहून विलक्षण उदाहरण जानेवारी २०२१ चें आहे. एअर इंडियाचें विमान सॅन फ्रान्सिस्कोहून शनिवारीं ९ तारखेस रात्रीं निघालें आणि सोमवारीं ११ तारखेस पहाटे बंगळुरास उतरलें. तें चालविणाऱ्या चौघी वैमानिक स्त्रिया होत्या. कप्तान झोया अगरवाल. मग रविवार कोठें गेला? तेथील घड्याळ हिंवाळ्यांत आपल्या साडेतेरा तास मागें असतें. तेथें शनिवारची रात्र होती तेव्हां येथें रविवारची सकाळ झाली होती, आणि सतरा तासांच्या उड्डाणांत रविवार सरला. या दोन शहरांच्या रेखांशांत सुमारें १६० अंशांचा फरक आहे, म्हणजे तीं जवळजवळ पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंस आहेत. अशा दोन ठिकाणांमधील दोरा ताणून पाहा. तो उत्तर ध्रुवाकडेच धांव घेतो. अंतर सुमारें १४,००० किलोमीटर. त्या दिवशीं विमान खरोखरच उत्तर ध्रुवावरून आलें.

इतकी तयारी झाल्यावर आरंभींच्या प्रश्नास उत्तर देतां येईल. वडील आजारी असल्याचा फोन लंडनमधील मुलीस जानेवारींत तेथील सकाळीं १० वाजतां गेला असें समजा. सोलापुरांत तेव्हां दुपारचे ३॥ वाजले आहेत. तिकीट मिळवणें, नोकरीच्या ठिकाणीं कळवणें, सामान बांधणें, विमानतळावर दोन-तीन तास आधीं पोहोंचणें यांत तिचा दिवस जाईल. तरी रात्रीं ९ चें विमान तिला मिळालें असें धरूं. मुंबईस ती दुसऱ्या दिवशीं ११॥ वाजतां उतरेल. पारपत्राची तपासणी व सामान यांत तास-दीड तास. तेथून मुंबईच्या मुख्य स्थानकास येऊन २०२३ सालीं सुरू झालेली वंदे भारत गाडी तिला गांठतां आली, तर ४५५ किलोमीटरांचा लोहमार्ग साडेसहा तासांत कापून ती रात्रीं साडेदहा-अकराच्या सुमारास सोलापुरास उतरेल. फोनपासून घरच्या उंबऱ्यापर्यंत जवळजवळ एकतीस तास. त्यांतील विमानाचे तास नऊच. ऑक्टोबर २०२५ मध्यें सोलापूर-मुंबई विमान सुरू झालें. सरळ रेषेनें हें अंतर सुमारें ३६० किलोमीटर व उड्डाण तासाभराचें. परंतु त्याची वेळ लंडनच्या विमानाशीं जुळली तरच त्याचा उपयोग. न जुळली तर रेल्वेच आधीं पोहोंचवते. म्हणून अशा प्रसंगीं घरच्या मंडळींस 'नऊ तास' असें न सांगतां 'उद्यां रात्रीं अकरापर्यंत' असें सांगावें. डॉक्टरांसहि तसेंच सांगावें, म्हणजे त्यांस आपला विचार ठरवतां येतो. मी अशा घरांत बसलों आहें. सकाळीं पोहोंचणार म्हणून ज्याची वाट पाहिली तो मुलगा रात्रीं आला, यांत विमानास उशीर झाला नव्हता. कोणी साधी बेरीजच केली नव्हती.

अखेरीस स्वतः करून पाहण्यासाठीं एक उदाहरण देतों, आणि तें आपल्या गांवचेंच घेतों. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. त्यांचें जन्मघर येथें स्मारक म्हणून जपलेलें आहे. जपानशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस गेलेल्या पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांत ते होते. हें पथक १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईहून बोटीनें निघालें आणि १७ सप्टेंबर रोजीं दक्षिण चीनमधील ग्वांगझौ (त्या वेळचें कँटन) येथें पोहोंचलें. युद्धभूमि तेथून आणखी शेंकडों मैल उत्तरेस होती. चीनमध्यें असतांनाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. बातमी हातीं पडेपर्यंत घरीं सारें आटोपलेलें होतें. ते परतले नाहींत, पुढेंच गेले. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तिकडेच वारले. त्या वेळीं त्यांचें वय बत्तीस वर्षांचें होतें.

ग्वांगझौचा आजचा विमानतळ २३.३९ अंश उत्तर व ११३.३० अंश पूर्व यांवर आहे. मुंबईचे आंकडे वर दिलेच आहेत. दोन्ही ठिकाणें पूर्वेस असल्यामुळें येथें रेखांशांची बेरीज न घेतां वजाबाकी घ्यावी, ती ४०.४३ अंश येते. कोन ३७.८ अंशांच्या आसपास व अंतर सुमारें ४,२०० किलोमीटर आलें पाहिजे. ताशीं ९०० च्या वेगानें हवेंतील काळ किती, पाठीवरचा वारा ताशीं १०० धरल्यास किती, आणि चीनचें घड्याळ आपल्या अडीच तास पुढें असतां मुंबईहून मध्यरात्रीं निघालेलें विमान तेथें किती वाजतां उतरेल, हें प्रत्येकानें स्वतः काढावें. बोटीला सोळा दिवस लागले होते.